वायरलेस कीबोर्डची अक्षरं गळतात? आधी रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपला वायरलेस कीबोर्ड आणि माउसचा संच जोडलाय, दोघांत मिळून एकच छोटा यूएसबी रिसीव्हर आहे. टाइप करताना मधली अक्षरं गळतात, कधी एखादं अक्षर ओळभर उमटत जातं. माउस मात्र सुरळीत चालतो. सेल बदलून झाले, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला, काही फरक नाही. तोच संच लॅपटॉपला लावला की कसलीही तक्रार नाही. कीबोर्ड गेलाय का? नवा घ्यावा का?

नवा घेऊ नका, निदान इतक्यात तरी नाही. लॅपटॉपवर तो नीट चालतो, एवढ्यावरच कीबोर्ड जवळजवळ निर्दोष ठरतो. सेल ठीक आहेत, बटणं ठीक आहेत, रिसीव्हरही ठीक आहे. बदलली आहे ती फक्त रिसीव्हरची जागा. आणि डेस्कटॉपवरच्या वायरलेस कीबोर्डच्या तक्रारींत खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तीच असते. लोक मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, चांगला कीबोर्ड अडगळीत टाकतात आणि नवा आणून त्याचा रिसीव्हर पुन्हा त्याच भोकात खुपसतात.

लॅपटॉपला रिसीव्हर लावला की तो कीबोर्डपासून वीतभर अंतरावर असतो, मध्ये काही आड येत नाही. डेस्कटॉपचा कॅबिनेट टेबलाखाली आणि रिसीव्हर त्याच्या पाठीमागे. म्हणजे कीबोर्ड आणि रिसीव्हर यांच्या मध्ये कॅबिनेटची लोखंडी पेटी, टेबलाची फळी, वायरींचा गुंता आणि बऱ्याचदा तुमचे स्वतःचे पायही. खोक्यावर लिहिलेलं १० मीटर अंतर मोकळ्या जागेतलं असतं. पत्र्यामागे लपलेल्या रिसीव्हरला दीड मीटरही जड जाऊ शकतं.

पण अंतर आणि पत्रा ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे शेजार. असे बहुतेक कीबोर्ड रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३ पोर्टमधून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा जातो, आणि त्या कामात पोर्ट, प्लग आणि केबल यांतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका याच पट्ट्यावर सांडतो. ही ऐकीव गोष्ट नाही. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. त्यात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला मोजला होता. २० डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपट. तुमचा रिसीव्हर अशा पोर्टच्या मांडीला मांडी लावून बसला असेल, तर लाउडस्पीकरशेजारी बसून कुणाची कुजबुज ऐकावी तशी त्याची अवस्था होते.

मग माउस कसा चालतो? तो साधारण सेकंदाला १२५ वेळा ‘इतका सरकलो, इतका सरकलो’ असं सांगत असतो. त्यातले दोन-चार निरोप पोचले नाहीत तर बाण किंचित अडखळतो, तुमचा हात न कळत ते भरून काढतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. कीबोर्डचं तसं नाही. एका अक्षरामागे दोनच बातम्या असतात: बटण दाबलं, बटण सोडलं. न पोचलेली बातमी कीबोर्ड पुन्हा पाठवून बघतो, पण गोंगाट फार असला तर तेही प्रयत्न वाया जातात. ‘दाबलं’ ही बातमी हरवली की अक्षर गळतं. ‘सोडलं’ ही हरवली की कॉम्प्युटरला वाटतं बोट अजून बटणावरच आहे, आणि तो स्वतःहून ते अक्षर उमटवत राहतो. हे लांबलचक ‘सससससस’ कीबोर्ड पाठवत नसतो, ते ऑपरेटिंग सिस्टिमचं काम असतं. तुमच्या तक्रारीतल्या दोन्ही गोष्टी अशा एकाच कारणातून येतात.

खात्री करून घ्यायची असेल तर यूएसबी ३ ची एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा एसएसडी रिसीव्हरच्या बाजूच्या पोर्टला लावा, एखादी मोठी फाइल कॉपी करायला सोडा आणि तेवढ्यात नोटपॅडमध्ये भराभर टाइप करा. कॉपी चालू असताना अक्षरं जास्त गळली आणि कॉपी थांबताच सुधारणा झाली, तर निदान झालं म्हणून समजा.

उपाय म्हणजे साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल, एक-दीड मीटरची. यूएसबी २ ची चालते, किंबहुना तीच घ्या. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून टेबलावर आणा आणि कीबोर्डपासून हातभर अंतरात ठेवा. मॉनिटरच्या स्टँडच्या लोखंडी पायावर किंवा एक्स्टर्नल डिस्कच्या शेजारी नको. काही संचांच्या खोक्यात अशी आखूड केबल दिलेलीही असते आणि लोक ती न उघडता ठेवून देतात. केबल हाताशी नसेल तर तोवर रिसीव्हर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी ३ चे पोर्ट आतून बहुधा निळे आणि २ चे काळे असतात, पण रंगाचा नियम सगळे पाळत नाहीत. पोर्टशेजारी ‘एसएस’ असं चिन्ह असेल तर तो वेगवान पोर्ट, त्याच्यापासून लांब राहा.

मॉनिटरच्या पाठीमागच्या यूएसबी पोर्टमध्ये रिसीव्हर लावावा असं खूपजणांना सुचतं, कारण तो जवळ पडतो. चालतं, पण काही मॉनिटर झोपी जाताना आपल्या पोर्टची वीजही तोडतात. मग कॉम्प्युटर जागा करायला कीबोर्डवर कितीही बोटं आपटली तरी उपयोग नाही. स्क्रीन काळी झाल्यानंतरच कीबोर्ड मरतो, अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

वाय-फाय राउटर टेबलावर अगदी जवळ असेल तर तो हातभर दूर सरकवा, आणि कॉम्प्युटर वाय-फायवर असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर टाका. २.४ मधली गर्दी तेवढीच कमी.

माझ्या अनुभवात रिसीव्हर टेबलावर आणल्यावर अशा बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. मिटली नाही, तर मात्र ‘कीबोर्ड नीट चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. नीट चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? अक्षर गळतं, दुहेरी पडतं, उशिरा येतं, भलतंच येतं, की येतच नाही? या पाच तऱ्हांची कारणं पाच वेगळ्या ठिकाणी असतात.

गळणाऱ्या अक्षरांमागे रेडिओखेरीज आणखी एक संशयित आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो: विंडोजमधल्या फिल्टर कीज. हात थरथरणाऱ्या व्यक्तींच्या सोयीसाठी ही सुविधा आहे. ती चालू असली की झटक्यात दाबलेलं बटण विंडोज धरतच नाही. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवली की ती चालू करायचा प्रस्ताव येतो. कीबोर्डवर पुस्तक ठेवलं, कोपर टेकलं किंवा लहान मूल खेळून गेलं आणि कुणीतरी न वाचता ‘हो’ म्हटलं, की झालं. ओळखायची खूण अशी की बटण मुद्दाम रेंगाळत दाबलं तर अक्षर येतं, वेगात दाबलं तर नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे फिल्टर कीज बंद करा. तिथेच स्टिकी कीज आहे, शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबली की उपटणारी. तीही बंद ठेवा, नाहीतर एक दिवस सगळी अक्षरं शॉर्टकटसारखी वागू लागतील. मॅकवर याच धर्तीची सुविधा स्लो कीज या नावाने ॲक्सेसिबिलिटीतच मिळते.

दुहेरी अक्षर आणि ओळभर अक्षर या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. ओळभर उमटणारं अक्षर आज ‘स’, उद्या ‘न’ असं बदलत असेल तर रेडिओ. पण दर वेळी तेच एक बटण एकाऐवजी दोन अक्षरं देत असेल, बाकीची शहाणी असतील, तर त्या बटणाखालचा स्विच झिजलाय. धातूचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात. ती थरथर कीबोर्डची चिप काही मिलिसेकंद थांबून गाळून टाकते. स्विच जुना झाला, आत धूळ गेली, की थरथर त्या मुदतीपलीकडे जाते आणि एक दाब दोनदा मोजला जातो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये हे जास्त आढळतं. बटणाची टोपी उपसून हवा मारून बघा, स्विच काढता येणारा असेल तर बदला. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत वाढवायची सोय असेल तर तीही वापरून बघता येते, मात्र स्विच म्हातारा झालाच आहे हे धरून चाला.

एक-दोन बटणं पूर्ण मेली असतील तर रेडिओला दोष देऊ नका, रेडिओ अक्षरं निवडून मारत नाही. अशा वेळी विंडोजचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडा: विंडोज, कंट्रोल आणि ओ ही बटणं एकत्र दाबा. आता खऱ्या कीबोर्डवरचं एकेक बटण दाबत जा. जे पोचतं ते पडद्यावर उजळतं. न उजळणाऱ्या बटणांची कागदावर नोंद करा. कीबोर्डच्या आत बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात, त्यामुळे एक तार तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. बाहेरून ती विखुरलेली दिसतात, म्हणून लोक चक्रावतात. चहा-पाणी सांडल्यानंतर पाच-सहा बटणं एकाच दिवशी गेली असतील तर आतल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावरची रेघ खाल्ली गेली आहे. साध्या कीबोर्डमध्ये ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकेकटी सगळी बटणं चालतात, पण तीन एकत्र दाबली की एक नापास होतं, हाही याच जाळीचा स्वभाव. तो बिघाड नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये काही तिकड्या ओळखताच येत नाहीत, आणि सेल बदलून किंवा ड्रायव्हर टाकून त्या येणार नाहीत.

अक्षरं गळत नाहीत पण उशिरा, घोळक्याने येतात? मग आधी नोटपॅड उघडून तिथे टाइप करा. तिथे सुरळीत आणि ब्राउजरमध्ये अडखळत असेल, तर कीबोर्डचा काही संबंध नाही. ब्राउजरचं एखादं एक्स्टेन्शन, शुद्धलेखन तपासणारं साधन किंवा फुगलेली फाइल वेळ खातेय. देवनागरी टाइप करताना उशीर आणि इंग्रजीत नाही, असं असेल तर लिप्यंतर करणारं इनपुट टूल बघा. फक्त पहिलंच अक्षर जात असेल, तेही काही मिनिटं हात न लावल्यावर, तर कीबोर्ड सेल वाचवायला झोपलेला असतो आणि पहिला दाब त्याला उठवण्यात खर्ची पडतो. हा त्याचा स्वभाव समजा. पासवर्ड टाइप करण्याआधी शिफ्ट एकदा दाबायची सवय लावली की प्रश्न मिटतो.

भलतंच अक्षर येणं हा जवळजवळ नेहमी सेटिंगचा मामला. शिफ्ट धरून २ दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येत असेल तर अमेरिकी लेआउटच्या जागी ब्रिटिश लेआउट लागलाय. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून लेआउट बदलतो. नको असलेला भाषेच्या सेटिंगमधून काढूनच टाका, नाहीतर तो पुन्हा पुन्हा चुकून लागेल. जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ येत असतील तर छोट्या कीबोर्डवरचा नम लॉक चालू आहे. आल्ट आणि विंडोज या बटणांची अदलाबदल झाली असेल तर कीबोर्ड मॅकच्या मोडमध्ये गेलाय. विंडोजचं बटण एकटंच चालत नसेल तर गेमिंग कीबोर्डवर ते गोठवणारं एक वेगळं बटण असतं, ते शोधा.

आणि काहीच येत नसेल तर? दोन-तीन उपकरणांना जोडता येणाऱ्या कीबोर्डमध्ये १, २, ३ अशी निवडीची बटणं असतात. पुसताना त्यातलं एक दाबलं जातं आणि कीबोर्ड बाजूच्या खोलीतल्या टॅब्लेटशी इमानेइतबारे बोलत बसतो. हे तपासायला पाच सेकंद लागतात, पण बहुतेकांच्या ते सगळ्यात शेवटी लक्षात येतं.

सेलबद्दलही थोडं. नवे सेल घातले म्हणजे सेलचा प्रश्न संपला असं नाही. रिचार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ चे. त्यामुळे पूर्ण भरलेला रिचार्जेबल सेलही बॅटरीच्या आकड्यात अर्धवट दिसतो, तो आकडा मनावर घेऊ नका. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. खाचेतल्या स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलमधला तो द्राव क्षारधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा थेंब घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा आणि पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. हे करताना हातमोजे घाला.

ड्रायव्हरच्या मागे लोक हात धुऊन लागतात. माझ्या मते रिसीव्हरवाल्या कीबोर्डसाठी तो बहुतेक वेळा वाया जाणारा खटाटोप आहे, कारण अशा कीबोर्डला ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याकडचाच ठरावीक ड्रायव्हर लावते. काढला काय, टाकला काय, तोच परत येतो. त्यापेक्षा वीज वाचवण्याची सेटिंग बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत वीजबचतीच्या टॅबवर, हे उपकरण बंद करायला कॉम्प्युटरला परवानगी देणारी टिकखूण असते. ती काढा. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. काही कॉम्प्युटरवर हे पर्याय दिसत नाहीत, तर सोडून द्या. आणि कॉम्प्युटर नुसता ‘शट डाउन’ करून चालू करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि तोच परत उघडतो, अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

ब्लूटूथ कीबोर्डचा मामला थोडा निराळा. तिथे रिसीव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधलंच ब्लूटूथ. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, वाय-फाय आणि ब्लूटूथ एकत्र असेल तर कॅबिनेटच्या मागे अँटेना फिरवून बसवायचे दोन सोनेरी खुंट असतात. इंटरनेट केबलने येतं, वाय-फाय कशाला हवं, म्हणून लोक अँटेना खोक्यातच ठेवतात. पण ब्लूटूथही त्याच अँटेनातून बोलतं. ती नसेल तर कीबोर्ड जोडला जातो, फुटभर अंतरावर चालतो आणि जरा मागे सरकलं की अडखळतो. अँटेना लावा, शक्य असेल तर तिचा भाग टेबलावर आणा. मग कीबोर्ड ब्लूटूथच्या यादीतून पूर्ण काढून पुन्हा पेअर करा. कोड टाइप करायला सांगितला तर तो कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचा असतो, हे बरेचजण विसरतात. ड्रायव्हर इथे मात्र खरंच कामाचा आहे: ब्लूटूथचा ड्रायव्हर मदरबोर्डच्या कंपनीकडून नवा घ्या.

रिसीव्हर हरवला असेल तर बाजारातला कुठलाही दुसरा चालत नाही. लॉजिटेकचे युनिफाइंग आणि २०२१ मध्ये आलेले बोल्ट, असे एकाच कंपनीचे दोन प्रकारही एकमेकांना ओळखत नाहीत. जिथे रिसीव्हरचं फर्मवेअर (त्याच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करता येतं तिथे ते करून घ्या, तक्रार नसली तरी. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी ‘माउसजॅक’ नावाने दाखवून दिलं होतं की अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरला दुरून खोटी बटणं दाबलेली भासवता येतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आजच करायचं काम एकच, एक्स्टेन्शन केबल. तिने भागलं नाही तर फिल्टर कीज आणि यूएसबीची वीजबचत, याच क्रमाने. शिवाय एक साधा वायरचा कीबोर्ड कपाटात असू द्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरायचं असेल किंवा विंडोज नव्याने टाकायचं असेल, तेव्हा ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा कामाचा नसतो, कारण त्याला ओळखणारी सिस्टिम अजून सुरूच झालेली नसते. रिसीव्हरवाला सहसा चालतो, पण बायोसमधलं फास्ट बूट यूएसबी उपकरणं वगळत असेल तर तोही तिथे गप्प बसतो. आणि ते सेटिंग बदलायला बायोसमध्येच जावं लागतं.